सीमाभागातील संगणक-अभ्यासमेळावा : आखणी आणि एक सप्रयोग व्याख्यान

बेळगाव तालुक्यातील कडोली, उचगाव, सांबरा ही गावे मराठी वाचकांस परिचित आहेत ती तेथे भरणाऱ्या साहित्य संमेलनांमुळे. ग्रंथदिंडी निघते, मांडव पडतो, पाहुण्यांच्या भोजनाची व्यवस्था ग्रामस्थच पाहतात आणि परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन असा कार्यक्रम चालतो. मोठ्या शहरातील संस्थेला जे साधत नाही ते खेड्यातील मंडळी वर्गणी काढून आणि श्रमदान करून घडवून आणतात. सभा कशी भरवावी, वक्त्यास कसे बोलवावे, श्रोत्यांस कसे जमवावे हे या भागाला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

हीच हातोटी एका नव्या विषयासाठी वापरता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो विषय म्हणजे संगणकाच्या भाषा. एखाद्या संगणक भाषेची आवड असणाऱ्यांनी ठरावीक दिवशी एकत्र जमावे, एकाने त्या भाषेतील एखादा मुद्दा प्रयोगांसह समजावून सांगावा, इतरांनी शंका विचाराव्यात आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवून घरी जावे, असे मेळावे पुण्यात आणि बंगळुरात अनेक वर्षे भरत आले आहेत. तेथील तरुण मंडळी त्यांस ‘मीटअप’ म्हणतात. आपण त्यास अभ्यासमेळावा म्हणू.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कला शाखेचे. संगणकाशी संबंध आला तो कार्यालयीन कामाच्या निमित्ताने. त्यामुळे येथे जे सांगितले आहे ते तज्ज्ञाने तज्ज्ञांसाठी सांगितलेले नाही. शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना स्वबळावर असा मेळावा भरवता यावा, एवढाच हेतू आहे.

संगणकाची भाषा म्हणजे काय?

संगणकास स्वतःची समज नाही. सांगितलेले काम तो त्वरेने करतो, परंतु ते पायरीपायरीने सांगावे लागते. आई मुलास म्हणते, “दळण घेऊन गिरणीत जा. गिरणी बंद असेल तर परत ये. रांग असेल तर आपली पाळी येईपर्यंत थांब.” या तीन वाक्यांत संगणकाच्या बहुतेक साऱ्या भाषांचे मर्म आले आहे. पहिले वाक्य साधी आज्ञा आहे, दुसऱ्यात अट आहे आणि तिसऱ्यात पुनरावृत्ती आहे. अशा आज्ञांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली. ती ज्या भाषेत लिहितात ती संगणकाची आज्ञाभाषा.

अशा भाषा अनेक आहेत. नवशिक्यांसाठी सोयीची म्हणून ‘पायथन’ ही भाषा आज सर्वत्र शिकवली जाते. गिडो व्हॅन रॉसम या डच गणितज्ञ-संगणकतज्ज्ञाने ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्थेत काम करीत असताना १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिची रचना आरंभली आणि १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ती विनामूल्य मिळते, साध्या संगणकावर चालते आणि एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेटची गरज राहत नाही. तिच्यातील राखीव इंग्रजी शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत. मराठी अथवा कन्नड माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास संगणक म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांची मिरास वाटते. त्यास ही संख्या आवर्जून सांगावी. पस्तीस शब्दांसाठी कोणी दाराबाहेर उभे राहण्याचे कारण नाही.

मेळाव्यांची परंपरा

संगणकाचे ज्ञान केवळ विद्यापीठांच्या वर्गांतून वाढलेले नाही. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या घराच्या मोटारखान्यात काही हौशी मंडळी जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या मंडळाची ती पहिली बैठक. स्टीव्ह वॉझनियाक हे त्या बैठकीस हजर होते. पुढे त्यांनी बनविलेला ‘ॲपल’ संगणक त्यांनी याच मंडळींपुढे मांडून दाखविला. या मंडळाच्या सभांची एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरंभी ज्याने त्याने उठून आपल्यापाशी काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे ते सांगायचे. नंतर सभा मोडून ज्याचे ज्याच्याशी काम असेल त्याने त्यास गाठायचे. देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे हेच सभेचे मुख्य कार्य मानले गेले.

आपल्या देशात पायथन भाषेची पहिली राष्ट्रीय परिषद २००९ साली बंगळूर येथे भरली; २०११ ची परिषद पुण्यात झाली. अशा परिषदांच्या मागे स्थानिक मंडळांच्या लहान लहान बैठकांचे बळ असते. केरळात २००२ साली सुरू झालेल्या ‘स्वतंत्र मलयालम संगणन’ या चळवळीने तर स्वयंसेवकांच्या बळावर आपल्या भाषेचे टंक आणि इतर साधने घडविली. आपल्या लिपीची अडचण परक्याने येऊन सोडवावी अशी वाट त्यांनी पाहिली नाही.

निपाणी आणि बेळगाव ही दोन्ही शहरे पुणे–बंगळूर महामार्गावरच आहेत. या भागातील मुले त्या रस्त्याने एका बाजूस पुण्याला आणि दुसऱ्या बाजूस बंगळूरला नोकरीसाठी जातात. बेळगावात १९७९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयही तेथेच आहे. म्हणजे जाणकारांची वाण नाही. वाण आहे ती जाणकार आणि गाव यांना एका सतरंजीवर बसविण्याची.

विषय आपलाच हवा

मेळाव्याचे यशापयश बहुतांशी विषयावर ठरते. ‘संगणक युग आणि आपण’ असा विषय ठेवल्यास भाषण होते, अभ्यास होत नाही. विषय असा हवा की त्याची अडचण श्रोत्याने स्वतः अनुभवलेली असावी आणि त्याचे उत्तर एका बैठकीत डोळ्यांदेखत शोधता यावे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या निमंत्रितांची यादी संगणकावर मराठीत केली होती. ती अकारविल्हे लावण्याचे काम अर्थातच यंत्रावर सोपविले. परिणाम असा झाला की एका वकील महोदयांस दोन निमंत्रणे गेली आणि ‘काळे’ आडनावाच्या एका वयोवृद्ध शिक्षकांस एकही गेले नाही. त्यांचे नाव यादीत होते; परंतु शोधणाऱ्याने ते मराठी कोशाच्या क्रमाने ‘कासार’ नंतर पाहिले, तेथे ते सापडले नाही आणि नाव राहिले असे समजून पाकीट बाजूस पडले. मास्तर कार्यक्रमास आले नाहीत. पुढे भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, “यादीत आमचं अक्षर बसलं नसेल.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे फार उशिरा कळले.

शाळेचा पट, पतसंस्थेच्या सभासदांची नोंद, वाचनालयाची ग्रंथसूची, मतदारांची यादी या साऱ्यांत हीच अडचण दडलेली असते. सीमाभागात तिला आणखी एक पदर आहे. येथे एकाच माणसाचे नाव एका कागदावर देवनागरीत, दुसऱ्यावर कन्नड लिपीत आणि तिसऱ्यावर रोमन लिपीत लिहिले जाते. निपाणीस लागून असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते. निपाणीतून तेथील देवचंद महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी रोज राज्याची सीमा ओलांडतो आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर लिपीची सीमा ओलांडत असते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनच्या सीमाप्रश्नाची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु नाव चुकले की दाखला अडतो, दाखला अडला की प्रवेश अथवा शिष्यवृत्ती अडते, हा अनुभव दोन्ही भाषांच्या घरांत सारखाच आहे.

यास्तव पहिल्या मेळाव्यासाठी ‘आपली अक्षरे आणि संगणक’ हा विषय सुचवावासा वाटतो. व्याख्यानाचा आराखडा पुढे दिला आहे. त्यात पाच प्रयोग आहेत. प्रत्येक प्रयोग पायथनच्या दोन-चार ओळींत होतो.

सप्रयोग व्याख्यान : पाच प्रयोग

*पहिला प्रयोग : अक्षर म्हणजे अंक.* संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. म्हणून प्रत्येक चिन्हास एक क्रमांक दिलेला आहे. १९९१ पासून प्रसिद्ध होत असलेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतावलीत देवनागरीस २३०४ ते २४३१ आणि कन्नड लिपीस ३२०० ते ३३२७ असे प्रत्येकी १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. पायथनला ‘क’ चा क्रमांक विचारला तर २३२५ असे उत्तर येते. वक्त्याने श्रोत्यांपैकी एखाद्याच्या आद्याक्षराचा क्रमांक विचारून दाखवावा. स्वतःच्या नावाचा क्रमांक पडद्यावर दिसला की मागच्या रांगेतील विद्यार्थीही मान उंचावतो.

*दुसरा प्रयोग : ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती?* सभेस विचारल्यास उत्तर येईल, तीन. पायथनला शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येते, पाच. म, र, काना, ठ, वेलांटी अशी ती पाच चिन्हे होत. ‘महाराष्ट्र’ या शब्दास आपण चार अक्षरे मोजतो, यंत्र दहा मोजते. कारण ‘ष्ट्र’ साठी ष, ट, र या तीन वर्णांखेरीज दोन हलन्तचिन्हेही साठविली जातात. ‘निपाणी’ मधील ऱ्हस्व वेलांटी आपण ‘न’ च्या आधी काढतो. यंत्र मात्र ती ‘न’ च्या नंतर साठवते, कारण उच्चारात ती नंतर येते. एखाद्या अर्जात नावासाठी वीस घरे ठेवली तर इंग्रजी नाव मावते आणि मराठी नाव मध्येच का तुटते, याचे कारण येथे कळते.

मग आपल्या पद्धतीने अक्षरे मोजण्याचा नियम सभेकडूनच काढून घ्यावा. स्वर आणि व्यंजने मोजावीत, काना-मात्रा सोडून द्याव्यात आणि जितकी हलन्तचिन्हे असतील तितके वजा करावे. ‘महाराष्ट्र’ मध्ये व्यंजने सहा, हलन्तचिन्हे दोन, उरले चार. उत्तर जुळते. परंतु ‘श्रीमान्’ हा शब्द पुढे केला की नियम अडखळतो. तो दोन सांगतो आणि आपण तीन लिहितो. नियम कोठे मोडतो हे श्रोत्यांनी शोधून काढावे. आज्ञावली लिहिण्याच्या विद्येचा निम्मा भाग हाच आहे.

*तिसरा प्रयोग : अकारविल्हे यादी.* काळे, कावळे, कासार ही तीन नावे पायथनला क्रमाने लावण्यास सांगावीत. यंत्र त्याच क्रमाने ती परत देते, कारण त्याच्या लेखी ळ चा क्रमांक २३५५, व चा २३५७ आणि स चा २३६०. मराठी मुळाक्षरांत मात्र ळ हे अक्षर ह च्या नंतर येते. म्हणून आपल्या कोशाप्रमाणे क्रम कावळे, कासार, काळे असा हवा. वर सांगितलेल्या मास्तरांचे निमंत्रण याच फरकात हरवले होते. तीच गत क्षीरसागरांची; क्ष हे आपल्या मुळाक्षरांच्या शेवटी असते, यंत्र ते क मध्ये टाकते, कारण त्याच्यापुढे ते क, हलन्त आणि ष एवढेच असते.

येथे यंत्रास दोष देऊन थांबू नये. आपल्या मुळाक्षरांचा क्रम एका ओळीत लिहून द्यावा आणि ‘या क्रमाने लाव’ असे सांगावे. क्ष आणि ज्ञ यांची ओळख आधी स्वतंत्रपणे पटवून द्यावी लागते. इतके केले की यादी सरळ होते. आपण सांगितले नाही म्हणून यंत्र चुकले, सांगितले तेव्हा त्याने ऐकले, ही गोष्ट सभेने प्रत्यक्ष पाहणे फार मोलाचे आहे.

*चौथा प्रयोग : दिसते एक, असते दुसरे.* ‘ॲड.’ मधील ॲ हे अक्षर दोन रीतींनी साठविता येते. एका रीतीत ते स्वतंत्र चिन्ह असते, दुसरीत अ वर वेगळा चंद्र दिलेला असतो. कागदावर दोन्ही सारखी दिसतात. पायथनला ‘ही दोन्ही एकच काय?’ असे विचारले तर तो नाही म्हणतो. आमच्या वकील महोदयांस दोन निमंत्रणे गेली ती यामुळे. उपाय असा की यादी तपासण्यापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून सर्वत्र एकच रूप ठेवावे.

*पाचवा प्रयोग : लिपीची सीमा ओलांडणे.* भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीने भारतीय लिप्यांतील समान वर्णांना समान जागा दिली होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा वर्णक्रम मुळातच एक असल्यामुळे हे शक्य झाले. युनिकोडने ही मांडणी बहुतांशी स्वीकारली. त्यामुळे देवनागरी क चा क्रमांक २३२५ आणि कन्नड क चा ३२२१, अंतर ८९६. ण, प, ळ, काना, अनुस्वार कशाचेही घ्या, अंतर ८९६ च. म्हणजे मराठी नावातील प्रत्येक क्रमांकात ८९६ मिळविले की तेच नाव कन्नड लिपीत उभे राहते. हा प्रयोग पडद्यावर घडतो तेव्हा, ज्यांना दोन्ही लिप्या वाचता येतात त्यांना दोन शेजारघरांमधली भिंत क्षणभर दिसेनाशी झाल्यासारखे वाटेल.

मात्र व्याख्यान येथे संपवू नये. ‘निपाणी’ हे नाव यंत्राने कन्नड लिपीत उतरविल्यावर ते कन्नड शिक्षकास दाखवावे. ते सांगतील की कन्नडमध्ये हे नाव ‘निप्पाणि’ असे, म्हणजे प चे द्वित्व आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटी देऊन लिहितात. ‘बेळगाव’ चे तसेच. कन्नडमध्ये ए हा स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असा दोन प्रकारचा आहे. आपल्या मराठी मात्रेत ८९६ मिळविले की दीर्घ ए मिळतो. ‘बेळगावि’ या कन्नड नावात तो ऱ्हस्व आहे. उलट कन्नडमधील ऱ्हस्व ए मधून ८९६ वजा केले तर देवनागरीत असे एक चिन्ह हाती येते की जे कोणत्याही मराठी शाळेत शिकवले जात नाही. ‘डॉक्टर’ मधील ऑ ला तर कन्नडच्या तक्त्यात त्या जागी काहीच नाही. तेथे रिकामी चौकट दिसते.

यंत्र अक्षरे पलीकडे नेते, परंतु नाव नेत नाही. नावासाठी ते नाव घेणारी माणसे लागतात. मराठी आणि कन्नड जाणणारे एका खोलीत बसल्याशिवाय हा पाचवा प्रयोग पुरा होत नाही. पुण्यातील अथवा बंगळुरातील मेळाव्यापेक्षा निपाणी-बेळगावचा मेळावा वेगळा आणि अधिक उपयुक्त ठरण्याचे कारण हेच आहे.

मेळाव्याची आखणी

*माणसे.* पहिल्या मेळाव्यास पंचवीस ते तीस माणसे पुरेत. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी, एक-दोन भाषाशिक्षक (मराठी आणि कन्नड दोन्ही), ग्रामपंचायत अथवा सहकारी संस्थेत यादी करणारी व्यक्ती आणि एखादा अभियांत्रिकीचा अध्यापक असावा. अडचण माहीत असणारा आणि उपाय माहीत असणारा दोघेही उपस्थित हवेत.

*जागा आणि वेळ.* शाळेचा वर्ग, वाचनालयाचे सभागृह अथवा समाजमंदिर चालेल. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालत आले आहे. ग्रंथालयाच्या छायेत नवी विद्या शिकण्याची या भागाची परंपरा जुनी आहे. रविवारी सकाळी दहा ते एक ही वेळ सोयीची. आठवडी बाजार, परीक्षा, तंबाखू-उसाच्या हंगामाची घाई टाळावी. मुलींची उपस्थिती हवी असेल तर वेळापत्रक एस.टी.च्या गाड्या पाहून ठरवावे आणि निमंत्रण त्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे.

*निमंत्रण.* एका पानाचे पत्रक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत काढावे. त्यात प्रमुख पाहुण्यांच्या पदव्यांऐवजी विषयाचा प्रश्न मोठ्या अक्षरांत असावा : “मराठी या शब्दात अक्षरे किती? संगणक म्हणतो पाच!” असा प्रश्न वाचून माणूस येतो, सत्काराचे निमंत्रण वाचून नातलग येतात.

*वेळापत्रक.* दहा वाजता सुरुवात. पहिली पंधरा मिनिटे स्वागत; हारतुरे आणि दीपप्रज्वलन यांना फाटा दिल्यास वेळ वाचतो. पुढचा अर्धा तास होमब्रू मंडळाच्या रीतीने प्रत्येकाने ‘मला हे येते, मला हे हवे’ एवढेच सांगावे. पावणेअकरा ते साडेअकरा व्याख्यान. मग पंधरा मिनिटे चहा. पावणेबारा ते पाऊण एका लॅपटॉपभोवती तिघांनी बसून हेच प्रयोग स्वतः करावेत. शेवटची पंधरा मिनिटे काय कळले, काय राहिले आणि पुढचा दिवस कोणता यासाठी राखावीत. लॅपटॉपवर नवख्याने बोटे चालवावीत आणि जाणत्याने तोंडाने सांगावे. उलट झाल्यास नवखा नुसता प्रेक्षक उरतो.

*वक्ता.* वक्ता नामवंत असण्यापेक्षा तयारीचा असावा. त्याने सारे प्रयोग आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच संगणकावर करून पाहावेत. काही जुन्या संगणकांच्या पडद्यावर जोडाक्षरे तुटक दिसतात, ते आधीच कळलेले बरे. अक्षरे शेवटच्या रांगेतून वाचता आली पाहिजेत. मुद्दाम एक चूक करून यंत्र कसा आक्षेप घेते तेही दाखवावे. चूक म्हणजे अपमान नव्हे, ती पुढच्या पायरीची सूचना होय, हे विद्यार्थ्यास एकदा उमगले की त्याची भीती जाते. बोलण्याची भाषा मराठी ठेवावी, दर प्रयोगाअंती कन्नडमध्ये सारांश सांगावा, आणि संगणकाचे जे इंग्रजी शब्द रूढ आहेत ते तसेच वापरावेत. भाषांतराच्या ओढाताणीत मूळ मुद्दा हरवू नये.

*साहित्य.* पायथन सर्व लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवावे आणि एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्यावी. मेळाव्याच्या दिवशी इंटरनेटवर विसंबू नये. वीज जाणार हे गृहीत धरावे. दोन्ही लिप्यांच्या क्रमांकांचा तक्ता मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावा. तो आणि खडू-फळा एवढ्यावरही पाचही प्रयोग हाताने करून दाखविता येतात. ८९६ मिळविण्यास विजेची गरज नाही.

*खर्च.* चहा, झेरॉक्स आणि तक्त्याचे कागद यांपलीकडे मोठा खर्च नाही. जो होईल त्याचा हिशेब सभेतच वाचून दाखवावा. पहिल्या मेळाव्यास शुल्क ठेवू नये.

मेळाव्यानंतर

अनेक उपक्रम पहिल्या कार्यक्रमाच्या छायाचित्रापाशीच थांबतात. ते टाळण्यासाठी पुढील भेटीचा दिवस उठण्यापूर्वी ठरवावा आणि एक छोटे काम हाती घ्यावे. वाचनालयाची ग्रंथसूची मराठी क्रमाने लावणे, शाळेच्या पटावरील नावे दोन्ही लिप्यांत तपासणे अथवा तालुक्यातील गावांच्या नावांची मराठी-कन्नड जोडयादी करणे, अशी कामे दोन-तीन भेटींत होण्यासारखी आहेत. अशा जोडयादीत यंत्राने सुचविलेले रूप आणि लोक लिहितात ते रूप शेजारीशेजारी ठेवावे. जेथे फरक दिसेल तेथे गावातील जुन्याजाणत्या माणसास विचारावे. माणसांची नावे घेताना त्यांची संमती घ्यावी आणि जन्मतारीख, आधार क्रमांक असा तपशील मुळीच गोळा करू नये.

दुसऱ्या भेटीत वक्ता बदलावा. पहिल्या भेटीत प्रश्न विचारणाऱ्यांपैकीच एकास उभे करावे. त्याच्या बोलण्यात अडखळणे असेल, परंतु ऐकणाऱ्यास ‘हे मलाही जमेल’ असे वाटेल. शिक्षकांनी आपल्या वर्गातील लाजरा परंतु चिकित्सक विद्यार्थी यासाठी हेरून ठेवावा. शासकीय कार्यालयांतील बंधुभगिनींनी यादी करताना आलेली एखादी खरी अडचण, व्यक्तींची नावे वगळून, मेळाव्यापुढे ठेवावी. अभ्यासकांस खरा प्रश्न मिळेल आणि कार्यालयास त्याचे उत्तर.

आपल्या आजोबांच्या पिढीने गावोगावी वाचनालये काढली तेव्हा छापील अक्षर गावात आले. वडिलांच्या पिढीने संमेलने भरविली तेव्हा लेखक गावात आले. आता अक्षर यंत्रात गेले आहे, आणि तेथे ते नीट बसले आहे की नाही हे पाहण्याचे काम आपल्या वाट्यास आले आहे. ळ ची जागा कोठे, ऱ्हस्व ए चे काय करावे, निपाणीचे नाव कसे लिहावे, या प्रश्नांची उत्तरे दूरच्या कोणा कंपनीस ठाऊक नसतात. ती येथे घराघरांत ठाऊक असतात. एक खोली, एक फळा, चार लॅपटॉप आणि दोन्ही भाषा जाणणारी तीस माणसे जमली तर ती यंत्रापर्यंत पोहोचविता येतात. मग पुढच्या एखाद्या यादीत काळे मास्तरांचे नाव शोधणाऱ्यास ते जेथे असावयास हवे तेथेच सापडेल.